डाव्या पायडलचं जुनं दुखणं

उस्ताद,

तुमच्या थोरल्या भावाची सायकल गेल्या आठवड्यात माझ्या दुकानात आली. तुमच्या भावाचीच, असं मला वाटतं. शपथेवर विचारलं तर सांगता येणार नाही. सध्या ती मागच्या शेडमध्ये, जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी, पोत्याखाली उभी आहे, आणि तिचं काय करायचं हे मला ठरवता येत नाही. नातू म्हणतो, घासूनपुसून शोरूमच्या काचेत ठेवू, लोक फोटो काढतील. ज्यानं आणून दिली तो म्हणतो, ठेवा नाहीतर भंगारात घाला, मला जागा मोकळी पाहिजे. आणि तिकडं सोलापुरात तुमची मुलगी आहे. रीतसर बघायला गेलं तर सायकल तिची. पण ती पाठवायची म्हणजे नुसती सायकल पाठवून भागणार नाही, आणि तिथंच माझं गाडं अडलंय.

आधी माझी हकीकत सांगतो, नाहीतर शोरूम म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. येरमाळ्याला हमरस्त्यावर माझं दुकान आहे. तुम्ही होता तेव्हा माझी मालमत्ता म्हणजे तासावर भाड्यानं घेतलेली, दुसऱ्याची, एक सायकल. पुढं ती विकत घेतली, मग तिच्यासारख्या आणखी, मग पंक्चरचं खोकं, मग स्पेअर पार्ट, आता मोटारसायकलींची एजन्सी. पोरं बघतात, मी गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा पाजतो. हिशेब त्यांचा, गप्पा माझ्या. रविवारी पुण्याकडची मंडळी येतात. डोक्यावर टोपडं, अंगाला चिकटलेले कपडे, आणि बोटावर उचलावी इतकी हलकी सायकल. मजेखातर शंभर-शंभर मैल मारतात. मला विचारतात, "काका, ट्रक नाहीत, हॉर्न नाही, असा शांत रस्ता आहे का इकडं?" मी त्यांना तेरणेच्या काठची वाट सांगतो. चिंचेखालून जा, उताराला ब्रेक धरा, पुढं पूल झालाय. ती खूश होऊन परत येतात. म्हणतात, "काका, इतका सुंदर रूट तुम्हाला कुणी दाखवला?" मी म्हणतो, होते एक. वर्षानुवर्षं मी त्यांना तुमचीच वाट फुकटात वाटतोय.

तुमच्या त्या वाटा. तेरखेड्यातून शोभेची दारू जत्रा-लग्नांना पोचवायची, आणि एसटीत ती चालायची नाही. एसटी नवीन नवीन सुरू झालेली, आपला जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेलेला, लाल गाडी बघायला माणसं शेतातून पळत यायची. फाट्यावर तो पान खाणारा कंडक्टर दारात आडवा उभा राहून म्हणाला होता, "चाचा, तुमी या, बसा. पर तुमच्या ह्या पोरी खालीच ठिवा. त्यांच्या तोंडाचा भरवसा न्हाय." तुम्ही टोपल्यांवरून हात फिरवत म्हणालात, "अरे बावा, तुझ्या गाडीपरीस कमी फुरफुरतात त्या." सगळी गाडी हसली. गाडी धूर सोडत गेली आणि आपण दोघं सायकलींवर टांग मारून नदीकडं वळलो.

पुढं तुम्ही, मागं मी. तुमच्या कॅरियरला बांबूच्या टोपल्या, आत भुसा, भुशात नळे नि चंद्रज्योती लेकरांसारख्या निजवलेल्या. मला तुम्ही कशासाठी घेतलं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तुझे कान बकरीचे हायेत. मागं राहा, माझा माल ऐकत ये." टोपलीची दोरी सैल झाली की आत भुसा सरकतो, त्याचा आवाज खसखस भाजल्यासारखा येतो. मी "उस्ताद" म्हटलं की तुम्ही मागं न बघता उतरायचात. तुमचा माझ्या कानांवर इतका विश्वास होता, आणि मला त्याचा केवढा गर्व! घरी कुणी मला मीठसुद्धा आणायला सांगत नव्हतं.

वाट निवडायची तुमची रीत होती. जिथं विस्तव, तिथून लांब. वीटभट्टीच्या वाऱ्याखालून जायचं नाही. गुऱ्हाळ पेटलेलं असलं की पलीकडच्या काठानं. खडीच्या रस्त्यावर बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव दगडावर घासून ठिणगी टाकते, म्हणून खडीचा रस्ता नको, नदीकाठची काळ्या मातीची गाडीवाट बरी. आणि लोहाराचा भाता ज्या वेशीत, ते गाव तर लांबूनच रामराम. दुसरी माणसं खोरं ओळखतात ते देवळांवरून, पाटलांच्या वाड्यांवरून. मी तेरणेचं खोरं शिकलो ते विस्तवावरून. चैत्रात नदी आटलेली, वाळू, मधेच एखादा डोह, त्यात म्हशी. वाळूत सायकली ढकलायच्या. लिंबाखाली भाकरी सोडायची. तुमची भाकरी तुम्ही, माझी मी, पण मिरचीचा ठेचा मधल्या दगडावर, त्याला कुणाचं कूळ विचारायचं नाही असा आपला अलिखित करार.

एकदा उतारावर मी पाय वर घेऊन सायकल सोडून दिली. वारा कानात शिरला, फार बरं वाटलं. खाली पोचलो तर तुम्ही मागून शांतपणे आलात. "उतर." मी उतरलो. "गिऱ्हाईक आपली वाट बघतंय, यम न्हाय. त्याच्याकडं जायचं तर रिकाम्या सायकलीवर जा, माझा माल उतरून." पुढं डोह येईपर्यंत मला सायकल ढकलत चालायला लावलंत. पण तुम्हीही स्वतःच्या सायकलीवर बसला नाहीत. माझ्या शेजारी, तुमचीही सायकल ढकलत चाललात. आज माझ्या दुकानात पोरानं काही घोळ केला तर मी ओरडतो. तुमच्यासारखं शेजारी चालणं मला जमलं नाही.

भात्याचं एक गाव होतं. नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे, बाकी कुणाला कशाला. तेरखेड्याहून येडशीकडं जाताना ते सरळ वाटेवर लागायचं. आपण ते टाळून नदी दोनदा ओलांडायचो, वाळूत घाम गाळायचो. कारण वेशीतच लोहाराचा भाता. मला ते पटलेलं होतं. त्या गावच्या देवीच्या जत्रेला पोलीस अॅक्शनच्या सालापासून दारू उडाली नव्हती, हेही मला माहीत होतं. पण हैदराबादवर फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, त्या साली मी लहान होतो. त्या धामधुमीत गावोगाव काय काय झालं ते मोठी माणसं आमच्यासमोर बोलायची नाहीत. त्यामुळं एका गोष्टीचा दुसरीशी धागा मी कधी जोडलाच नाही.

मग त्या गावचे पाटील स्वतः तुमच्या दारात आले. मला तो सकाळचा प्रहर अजून दिसतो. तुम्ही फाटकाजवळच्या दगडावर बसून कागदाच्या नळ्या वळताय. पाटील घोड्यावरून उतरतात, खिशातली काड्याची पेटी आपण होऊन काढून फाटकाबाहेर ठेवतात. धिप्पाड माणूस, पण आवाज बारीक करून बोलतोय.

"उस्ताद, औंदा जत्रेला दारू पायजे. तुमच्याच हातची."

"माल देतो की पाटील. हे पोरगं घिऊन येईल."

"पोरगं न्हाय. पयली बत्ती करणाराच्या हातानं. तुमच्या वडलांपासनं रीत हाय. दुसऱ्याच्या हातनं देवी घेत न्हाय."

"रस्ता खराब हाय."

"मुरूम टाकलाय. वरनं दाबून घेतलाय. भरला तांब्या घिऊन चाला, थेंब सांडायचा न्हाय."

तुमचा हात नळीवर थांबला. "वेशीत भाता हाय, पाटील. माल नाजूक."

पाटील म्हणाले, "भाता हलिवला."

"हलिवला?"

"म्या सोता हुबा ऱ्हाऊन. लोहाराला वढ्याच्या पल्याड शेड बांधून दिलं. आता वेशीत नुसती सावली हाय."

कुणाची सबब खरी धरून तिचाच बंदोबस्त करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. मला हसू येत होतं, आनंदही झाला होता. वाळूतली ढकलाढकली वाचली! मी तुमच्याकडं बघितलं. तुमच्या चेहऱ्यावर, घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या कुणीतरी बाहेरून काढल्यावर व्हावं तसं काहीतरी झालं होतं. हातातली नळी बाजूला ठेवून तुम्ही म्हणालात, "मग आता काय बोलावं."

गेलो आपण. सरळ वाटेनं. खरंच, मुरमाचा रस्ता असा झालेला की टोपल्यांतून एक आवाज नाही. माझ्या कानांना काम नव्हतं. तरी तुम्ही हळू चालवत होता, इतकं हळू की मला तोल धरायला हँडल डावं-उजवं करावं लागत होतं. शिवेवर पाटलांचा मुलगा सामोरा आलेला, माझ्याच वयाचा, पांढरा सदरा, विलायती बनावटीची काळी सायकल. वाटेतच त्याची साखळी पडलेली, म्हणून उतरून उभा. "या चाचा, या," म्हणाला, हसऱ्या तोंडाचा. तुम्ही तुमची सायकल माझ्या हातात दिलीत. त्याच्या सायकलीपुढं गुडघे टेकून बसलात. साखळी चढवलीत, फडक्याला हात पुसलेत. मग उगाचच, असं मला वाटलं, बोट डाव्या पायडलच्या दांड्यावरून वरून खाली फिरवलंत आणि तिथंच ठेवलंत.

"धाकले मालक, डाव्या पायडलवर जोर देऊ नका. तिचं तिथलं जुनं दुखणं हाय."

तो चकित. "तुमाला कसं कळलं?"

"आवाजावरनं," तुम्ही म्हणालात.

उस्ताद, मी तिथंच उभा होतो. सायकल स्टँडवर होती. ती चाललीच नव्हती. तिचा कसलाही आवाज झाला नव्हता. दुसऱ्या कुणापाशी खपलं असतं, पण बकरीच्या कानांच्या माणसासमोर तुम्ही आवाजाचं नाव घेतलंत. मला ते ऐकू यावं म्हणून घेतलंत की घाईत निसटलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला देवीच्या समईवरून तुम्ही पहिली बत्ती पेटवलीत. नळा असा फुलला की बायाबापड्यांनी हात जोडले. रीतीप्रमाणं पाटील तुम्हाला फेटा बांधायला पुढं झाले. बांधताना त्यांचं तोंड तुमच्या कानाशी आलं. बाकीच्यांना ढोलाच्या दणक्यात काही ऐकू गेलं नसणार. मला गेलं. "उस्ताद, त्या साली म्या गावात न्हवतो." तुम्ही म्हणालात, "व्हय, पाटील." बस, एवढंच. तुमचा तो 'व्हय' मी किती वेळा मनात वाजवून बघितला. 'ठाऊक आहे' असा होता, 'तुम्ही म्हणता तर तसं' असा होता, की नुसतं फेटा लवकर बांधून व्हावा म्हणून होता? माणसाचा आवाज ऐकून मी गिऱ्हाईक घेणार की नुसतं भाव विचारून जाणार ते सांगतो. त्याच्यावर मी घर उभं केलं. त्या एका शब्दाचा भाव मला लागत नाही.

सकाळी परत निघालो. टोपल्या रिकाम्या. आणि तुम्ही वेशीतून बाहेर पडताच सायकल नदीकडं वळवलीत, त्याच जुन्या वाळूच्या वाटेला. मी म्हणालो, "उस्ताद, आता कुठला विस्तव आणि कुठला माल? सरळ जाऊ की." तुम्ही म्हणालात, "इकडं सावली हाय." इतक्या सकाळी सावलीची गरज नव्हती. तिथं, वाळूत सायकल ढकलताना, माझ्या डोक्यातला खोऱ्याचा सगळा नकाशा उलटा झाला. मला वाटत होतं तुम्ही दारू जपत वाटा निवडता.

बाकीचं तुमच्या घरी चाचीनं सांगितलं. तुम्ही अंगणात नळ्या वाळत घालत होता, ती चुलीपुढं. गुळाचा चहा माझ्या हातात. मी विचारलं, ती सायकल कुणाची. ती आधी म्हणाली, "नक्को रे, जाने दे." मग चुलीतली लाकडं मागं ओढत म्हणाली, "बडे भाईचं दुकान होतं त्या गावात. किराणा. सोलापुराहून सायकल आणली होती त्यांनी. तुझे उस्ताद त्याच्यावरच शिकले. शिकता शिकता नदीच्या खडकावर पडले, डावं पायडल वाकलं. बडे भाई मारायला धावले, मग हसले, लोहाराकडून तापवून सरळ करून घेतलं. अॅक्शनच्या साली त्यांना घरातून बोलवून नेलं. नेणारे ओळखीचेच होते म्हणून चप्पल पण न घालता गेले." मग तिनं मागं ओढलेली लाकडं पुन्हा चुलीत सारली. चहा निवला होता, तसाच प्यालो.

पुढच्या साली पाटलांचा माणूस आला. तुम्ही म्हणालात, रस्ता खराब आहे. त्याच्या पुढच्याही साली. मुरूम तसाच गुळगुळीत होता. पाटील मग पुन्हा स्वतः आले नाहीत. आणि तुम्ही एका पावसाळ्यात तापानं गेलात, घरात, अंथरुणावर. दारूकाम करणाऱ्याला असं मरण लाभलं म्हणून लोक तुम्हाला नशीबवान म्हणत होते.

आता गेल्या आठवड्यात तेच धाकले मालक आले, काठी टेकत. जुना वाडा पाडून स्लॅबचं घर बांधतायत. टेम्पोतून सायकल उतरवली. "माळ्यावर हे धूड निघालं. म्हटलं, तुमी सायकलीवाले, तुमालाच द्यावं." मी चहा मागवला. सायकल आडवी केली. डाव्या पायडलच्या दांड्यावरचा गंज खरवडला. खाली ठोक्यांच्या खुणा आहेत, आणि बारीक वाक अजून आहे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणाकडनं घेतली हुती ही?"

"वडलांनी आणली. अॅक्शनच्या साली." बशीत चहा ओतत ते म्हणाले, "त्या साली लई सायकली फिरत हुत्या इकडनं तिकडं." मग एकदम हसले. "याद हाय का? तुमच्या उस्तादांनी एकदा साखळी बसवून दिली हुती. नुसत्या आवाजावरनं पायडलचं दुखणं वळखलं. नातवंडांना सांगतो म्या. तसली माणसं आता न्हाईत."

मी ऐकत होतो. कान लावून ऐकत होतो. आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. लाज नाही, लपवणं नाही, घशात अडकणंही नाही. म्हातारा माणूस, तुमची खरीखुरी आठवण काढतोय, प्रेमानं. त्याला ठाऊक नाही, की ठाऊक असून इतकं जुनं झालंय की त्याचा आवाज येत नाही? त्यांनी जाताना माझा हात हातात घेतला आणि मी तो दाबला. गिऱ्हाईक आहेत, तीन मोटारसायकली माझ्याकडून घेतल्यात त्यांच्या घरानं. त्यांचा नातू माझ्या नातवाचा मित्र आहे.

तुमची मुलगी ईदला फोन करते. शाळेतून रिटायर झाली आता. म्हणते, "भाईजान, अब्बांचं काहीतरी सांगा ना, हसण्यासारखं." मी तिला कंडक्टरची गोष्ट सांगतो. दर वेळी तीच सांगतो आणि ती दर वेळी हसते. ती आईच्या पोटात असताना तुम्ही गेलात, आणि तिला मोठे अब्बा होते हेसुद्धा चाचीनं तिला सांगितलं की नाही, मी विचारलेलं नाही. सायकल पाठवली तर ती विचारणार, ही कुणाची, तुमच्याकडं कशी आली, इतकी वर्षं कुठं होती. मास्तरीण आहे, अर्ध्या उत्तरावर सोडायची नाही. मग मला ते गाव सांगावं लागेल, पाटलांचं घर सांगावं लागेल. त्यांचा नातू आणि माझा नातू रोज संध्याकाळी माझ्याच ओट्यावर बसतात. आणि न पाठवावी तर पाटलांच्या माळ्यानंतर मी काय, दुसरा माळा?

मनातलं सांगतो. गंज खरवडताना मला वाटत होतं, तिथं वाक नसावा. वाक दिसला तर वाटलं, जगात काय एकच पायडल वाकलंय होय? हा धंदाच माझा, वाकलेली पायडलं मी हजारांनी पाहिलीत. तुमचंच चुकलं असेल, गडबडीत भावाची समजून बोट दुसऱ्याच कुठल्या सायकलीवर ठेवलं असेल, असं वाटलं. तुमचं कधी काही चुकू नये असं मला आयुष्यभर वाटत आलं, आणि नेमकं इथं तुम्ही चुकलेले मला पाहिजे आहात.

सकाळी कागद घेतला तो सोलापूरला लिहायचं म्हणून. तिचा पत्ता पाकिटावर घालूनही झाला होता. मग वर तुमचं संबोधन लिहून गेलो आणि पेन थांबलं नाही. ते आपोआप झालं असं म्हणणार होतो, पण तुमच्यापुढं तसं म्हणवत नाही. तुम्हाला लिहिणं सोपं होतं, उस्ताद. तुमच्याकडून उत्तर येत नाही.